गटारी राइडच्या आमंत्रणाला उत्तर

साताऱ्यातल्या सगळ्या सायकल ग्रुपांचे ॲडमिन, राइड लीडर आणि जुनेजाणते सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर एक पोस्टर आलं. धुक्यात शिरणारा घाट, वळणावर एक सायकल, आणि खाली मजकूर : 'गटारी स्पेशल राइड. सातारा–कास–बामणोली. वर्गणीत नाष्टा, चिकन-भाकरी आणि माणशी दोन बिअर.' संध्याकाळपर्यंत तेच पोस्टर तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून येऊन पडलं. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'न पिणाऱ्यांनी आपल्या वाट्याच्या बाटल्या गरजूंना द्याव्यात.' त्यावर भराभर हसरे चेहरे उमटले. मी फोन उलटा ठेवला आणि गप्प बसलो. अशा मेसेजांवर मी किती वर्षं गप्प बसत आलोय हे मोजायला लागलो, तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

मी ५३ वर्षांचा आहे, सातारचाच. आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखतात, काही जणांनी माझ्या मागे राहून वारा चुकवत कोरेगावपर्यंत सायकल चालवली आहे. पण एक गोष्ट तुमच्यातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक आहे. मी दारुड्या होतो. 'अधूनमधून घ्यायचो' असं म्हणून वेळ मारून नेता येईल, पण ते खोटं होईल. सतरा वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची चार वर्षं सकाळीसुद्धा.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघताना समुपदेशकांनी एकच गोष्ट विचारली होती. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात काय करणार, ते ठरवलंय का? मला काहीच सुचेना. घरी भाच्याची एक सायकल धूळ खात पडली होती. तिच्यामुळे उत्तर सापडलं, पण सकाळच्या बाजूनं. पहाटे पाचला सायकलवर बसायचं तर रात्री नऊला अंथरुणात हवं. नऊला झोपायचं तर साडेसातला पानावर बसायला हवं. आणि पोट भरलं की प्यायची ओढ निम्मी मरते, हे प्रत्येक पिणाऱ्याला माहीत असतं. म्हणून तर तो जेवण पुढे पुढे ढकलत राहतो. सायकलनं माझी संध्याकाळ अशी गुपचूप काढून घेतली. कुणी उपदेश केला नाही, कुणी शपथ घातली नाही. फक्त गजर पाचचा लावला.

पहिल्या दिवशी समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर उतरून सायकल ढकलली. तीन आठवड्यांनी पाय न टेकता वर पोचलो. खाली सगळा सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा, आणि अंगातून घामाच्या धारा. त्या घामाला दारूचा वास नव्हता. हे वाक्य कुणाला चमत्कारिक वाटेल, पण ज्याच्या घामाला एके काळी तो वास येत होता त्याला त्याची किंमत कळते.

मग तुम्ही भेटलात. हे मी विसरलेलो नाही आणि या पत्रातला पुढचा कुठलाही शब्द ते पुसून टाकत नाही. पंक्चर काढायला तुम्ही शिकवलंत. चढावर कुठला गिअर टाकायचा, उतारावर वजन मागं कसं न्यायचं, पुढचा ब्रेक एकदम का दाबायचा नाही, हे सगळं तुमच्याकडून शिकलो. माझं पहिलं हेल्मेट एका राइड लीडरनं स्वतःच्या पैशानं आणून डोक्यावर ठेवलं होतं. रविवारी मी पहाटे दार ओढून घेतलं की माझी बायको निर्धास्त झोपायची. आमच्या संसारात मी घराबाहेर असताना तिला निर्धास्त झोप लागली ती त्या वर्षीच पहिल्यांदा.

तेव्हा राइड संपली की मिसळ असायची, नाहीतर पोहे आणि चहा. बदल नेमका कधी झाला ते सांगता येणार नाही. कुणाचा तरी वाढदिवस होता, कुणाची तरी पहिली सेंच्युरी, म्हणजे शंभर किलोमीटरची राइड, झाली होती. मग बॅकअप गाडीत थर्माकोलचा खोका आला. वर इलेक्ट्रॉलच्या बाटल्या, खाली बर्फात कॅन. पुढे वरच्या बाटल्या कमी होत गेल्या. एका ग्रुपच्या जर्सीवर परमिट रूमचं नाव आलं. 'शंभर किलोमीटर कशाला मारले मग?' हे वाक्य ऐकू यायला लागलं. जणू सायकल ही बाटलीपर्यंत पोचायची वाट.

मी सबबी सांगत राहिलो. ॲसिडिटी आहे, औषध चालू आहे, आज गुरुवार आहे, घरी पूजा आहे. खरं कारण कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की माणसं एकतर कीव करतात नाहीतर 'एकानं काय होतंय?' म्हणतात. आपल्याकडे 'नको' हे पूर्ण उत्तर धरलंच जात नाही. 'नको'च्या मागं काय आहे ते उकरून काढल्याशिवाय मंडळींना चैन पडत नाही. आणि सबबीला शेवट असतो. रोज नवी सबब कुठून आणायची?

माझी संपली ती पहिल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब राइडच्या, संध्याकाळी. साडेतेरा तासांची मुदत असते, मी बारा तास चाळीस मिनिटांत आलो. कार्डावर शेवटची सही झाली आणि बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल. आयोजकांचा या पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही. बाहेर आमच्या ग्रुपची मुलं वाट बघत थांबली होती. त्यातल्या एकानं मिठी मारली आणि दुसऱ्यानं उघडलेला थंड कॅन हातात ठेवला. 'दादा, आज तरी नाही म्हणायचं नाही.' त्याच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं. कॅन तोंडाला लावला तो माझ्याच हातानं, आणि त्याचा दोष मी कुणावर टाकत नाही. पण पुढचे सात महिने घरात काय झालं ते त्या मुलाला माहीत नाही. त्या सात महिन्यांत माझी सायकल खिळ्यावर टांगलेली होती आणि ग्रुपवर एकानंही विचारलं नाही, दादा दिसत नाहीत, कुठं आहेत?

मी परत उभा राहिलो. त्याला आता चार वर्षं होऊन गेली.

मला माझी कहाणी सांगून सहानुभूती नको आहे. माझ्यासारखा मी एकटाच असतो तर हे पत्र लिहिलंही नसतं. पण गेल्या चार वर्षांत मला असे पाच जण भेटले, पाचही साताऱ्यातले, पाचही सायकलमुळे दारूपासून लांब झालेले, आणि पाचही ग्रुप राइड सोडून आता एकेकटे चालवणारे. सायकल दारू सोडायला मदत करते हे आपण अभिमानानं सांगतो. मग ज्यानं ती मदत घेतली त्यालाच आपल्यात जागा का उरत नाही?

आता त्या कॅनबद्दल थोडं. मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे हिशेबानंच सांगतो. आपल्याकडे ६५० मिलीची जी 'स्ट्राँग' बाटली मिळते, तिच्यावर आठ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ४१ ग्रॅम. माणसाचं यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. त्याला घाई करता येत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यानं तो वेग वाढत नाही. एका बाटलीला पाच-सहा तास. पोस्टरवरच्या दोन बाटल्या स्ट्राँगच्या असतील तर दहा-अकरा तास. दुपारी एकला बामणोलीत बसलात तर रात्री अकरापर्यंत ती अंगात आहे. आणि शनिवारी रात्री नऊला बसून दोन बाटल्या रिचवल्यात तर रविवारी सकाळी सातपर्यंत. आपली संडे राइड साडेपाचला सुटते. 'रात्रीची उतरली रे' असं म्हणत जो पोवई नाक्यावर येतो, त्याची उतरलेली नसते.

त्यातून तो रस्ता कुठला, तेही बघा. बामणोलीहून परत कासपर्यंत चढ आहे, पठार ओलांडलं की पेट्रीवरून यवतेश्वर, आणि मग घाटाचा उतार. आषाढात त्या घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही. कडेचे दगड रस्त्यावर येतात, वळणावर शेवाळ धरतं, खालून पर्यटकांच्या गाड्या हेडलाइट लावून चढत असतात. ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं उतरणारी सायकल एका सेकंदात ११ मीटर जाते. दारूनं ब्रेकपर्यंत हात पोचायला अर्धा सेकंद जास्त लागला तर साडेपाच मीटर गेले. ओल्या रिमवर ब्रेक आधीच उशिरा धरतो. यवतेश्वरच्या वळणांवर साडेपाच मीटर म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आपण सगळ्यांनी तिथले कठडे जवळून बघितले आहेत.

'बिअरमध्ये पाणीच असतं, घाम भरून निघतो,' हे मी आपल्या ग्रुपांवर इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. शरीर मूत्रावाटे पाणी वाया जाऊ देत नाही ते एका संप्रेरकामुळे. दारू नेमकी त्यालाच दाबते. म्हणून पिणाऱ्याला सारखं उठावं लागतं. घामानं सुकलेल्या माणसाला ती आणखी सुकवते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती फारशी कुणी बोलत नाही. लांब राइडनंतर स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी रक्तातली साखर टिकवायला यकृत नवी साखर बनवतं. दारू पोटात गेली की यकृत आधी तिच्या मागं लागतं आणि ते काम मागं पडतं. रिकाम्या पोटी, दोनशे किलोमीटरनंतर, एका कॅननं हात थरथरायला लागतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, ते यामुळे. आपण त्याला 'चांगली चढली' म्हणतो. प्रत्यक्षात तो माणूस घाट उतरण्याच्या अवस्थेत नसतो.

स्नायूंबद्दलही सांगतो, कारण आपल्यातली तरुण मुलं प्रोटीन पावडरीवर महिन्याला किती खर्च करतात ते मला दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कस लागणाऱ्या व्यायामानंतर प्रोटीन आणि दारू दोन्ही दिलेल्यांमध्ये स्नायू बांधण्याची क्रिया, फक्त प्रोटीन घेतलेल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरली. दारूचं प्रमाण त्यात भरपूर होतं, एका कॅनइतकं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपल्या बैठकाही एका कॅनवर कुठं थांबतात?

सायकलिंगच्या इतिहासातलं एक नाव तुमच्यातल्या शर्यती बघणाऱ्यांना माहीत असेल. टॉम सिम्प्सन, ब्रिटनचा, १९६५चा जगज्जेता. १३ जुलै १९६७ रोजी टूर दे फ्रान्समध्ये माँ व्हाँतूचा चढ चढताना कडक उन्हात तो सायकलवरून कोसळला आणि गेला. वय २९. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडलं आणि त्याबरोबर दारू. त्या काळी रेसर वाटेत गुत्त्यात शिरून मिळेल ते पिऊन निघायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सिम्प्सनचं नाव लोक उत्तेजकांच्या संदर्भात काढतात. दारूचा उल्लेख करताना मात्र आवाज खाली जातो, कारण ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

मग येतो कायदा. एका ग्रुपवर मी हा विषय एकदा काढला होता तेव्हा उत्तर आलं, 'सायकलला कुठं ड्रंक अँड ड्राइव्ह असतं?' खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमची मर्यादा घालतं, पण ते मोटारवाहनापुरतं. सायकल त्यात येत नाही. मात्र नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तर भारतीय न्याय संहितेचं ३५५ कलम आहेच, २४ तासांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. शिवाय आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, बिअरला २१ वर्षं पुरी लागतात आणि कडक दारूला २५. आपल्या राइडला कॉलेजची १८-१९ वर्षांची पोरं येतात. बर्फातला कॅन त्यांच्या हातात देताना कुणी वय विचारल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही. जर्मनीत सायकलवाल्यालाही रक्तातल्या दारूची मर्यादा आहे. जपाननं नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. आपल्याकडे असा कायदा यावा म्हणून मी हे लिहीत नाही. पण एखाद्या गोष्टीला कायदा नाही म्हणजे तिथं आपली जबाबदारी जास्त, असं मला वाटतं. आणि ज्यांनी अपघात विमा काढलाय त्यांनी त्यातली बारीक अक्षरं वाचावीत. नशेत झालेला अपघात बहुतेक पॉलिसींतून वगळलेला असतो. हे ऐन वेळी बायकोला कळू नये.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र या कलमांतली नाही. कास रस्त्यावर एक मावशी पिठलं-भाकरी देतात. पावसाळ्यात आपण सगळे त्यांच्याकडे थांबतो. गेल्या वर्षी श्रावणात मी एकटाच गेलो होतो. ताटात भाकरी टाकता टाकता त्या म्हणाल्या, "तुमी सायकलवालं बरं असतासा आसं वाटायचं. गाडीवालं येत्यात, बाटल्या फोडत्यात, ते आमाला ठावं हाय. पर तुमच्यातली पोरं बी आता मागं बसत्यात." एवढंच बोलून त्या चुलीकडे वळल्या. घास गिळायला मला वेळ लागला.

कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, ते आपण बाहेरच्या पाहुण्यांना फुशारकीनं सांगतो. त्याहून आपल्या जवळची गोष्ट अशी, की कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. आपल्या सायकलच्या बाटलीत आपण पहाटे जे पाणी भरतो, त्यातलं काही तिथूनच येतं. त्या तलावाच्या वरच्या अंगाला मी दर वर्षी फुटलेल्या बाटल्या बघतो, आणि त्यातल्या काचांनी आपलेच टायर फाटतात. पंक्चर काढताना आपण 'टुरिस्टांना' शिव्या घालतो. पुढच्या वेळी शिव्या घालायच्या आधी बॅकअप गाडीतला खोका आठवावा.

या गावांमधल्या बायकांनी दारूशी कसा झगडा केलाय ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, हा हक्क राज्यातल्या बायकांनी वापरून दाखवला, आणि साताऱ्यातल्या बायका त्यात मागं नव्हत्या. ज्या वाडीत एखादीनं नवऱ्याचा मार खाऊन बाटली आडवी केली असेल, त्याच वाडीच्या पारावर आपण रंगीत जर्सी घालून, आरोग्याचा संदेश लिहिलेले फलक सायकलला लावून, कॅन उघडतो. तिथली लहान मुलं आपल्या सायकलींभोवती गोळा होतात. त्यांना हजारोंच्या, लाखांच्या सायकली दिसतात, आणि हातातला कॅन दिसतो. त्यांनी काय शिकायचं?

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. कबड्डीत देशाकडून खेळलेला हा माणूस, व्यवसायानं डॉक्टर, आणि त्यांनी इथं 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. त्यांच्याकडे बघताना मला नेहमी वाटतं, की खेळाडूनं व्यसनाविरुद्ध उभं राहायचं ही या गावाची जुनी रीत आहे. आपण स्वतःला खेळाडू म्हणवतो ना?

काही जणी आपल्या ग्रुपांतून हळूहळू नाहीशा झाल्या, हेही तुमच्या लक्षात आलं नसेल. भांडण झालं नाही, तक्रार झाली नाही. फक्त 'या रविवारी जमणार नाही' असं तीन-चारदा आलं आणि मग तेही यायचं थांबलं. त्यातल्या एकीशी मी बोललो. ती म्हणाली, "काका, राइडला कुणी वाईट वागत नाही. पण दोन तासांनी बोलण्याचा सूर बदलतो, आणि मी तिथं एकटी असते. परतीला माझ्या मागं कोण चालवतोय आणि तो कितपत शुद्धीत आहे, याचा विचार करत घाट उतरायचा मला कंटाळा आला." तिनं आता कृष्णेच्या बाजूला, माहुलीपर्यंत एकटीनं जायला सुरुवात केली आहे. चांगली चालवायची. तुमच्या ग्रुपची सगळ्यात चांगली चढणारी ती होती.

तुम्ही म्हणाल, हा माणूस दारू सोडलेला आहे म्हणून सगळ्यांच्या मागं लागलाय. तसं नाही. घरी बसून कोण काय पितो यात मला नाक खुपसायचं नाही. थंड कॅनची चव मला आठवत नाही असंही नाही. एप्रिलमध्ये रहिमतपूरच्या रस्त्यानं भर उन्हात परतताना ती मला अजून आठवते, आणि बहुधा मरेपर्यंत आठवेल. माझं म्हणणं फक्त सायकलपुरतं आहे, राइडपुरतं आहे.

आणि हे जमणारं आहे, कारण आपण ते दर वर्षी करून दाखवतो. आषाढीच्या आधी सायकल वारीला आपण निघतो. कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले, म्हसवड, पुढं पंढरपूर. त्या वाटेवर बॅकअप गाडी तीच असते, थर्माकोलचा खोका तोच, माणसंही तीच. पण खोक्यात ताक असतं, सरबत असतं. कुणी नियम लिहिलेला नाही, कुणी कुणाची झडती घेत नाही. जो एरवी सगळ्यांत आधी कॅन उघडतो तोच म्हसवडला टाळ घेऊन उभा राहतो, आणि रात्री धर्मशाळेत पडल्या पडल्या घोरतो. मजा कमी होते का? माझ्या मते वर्षातल्या सगळ्यांत जास्त गप्पा आणि सगळ्यांत जास्त हसणं त्याच राइडला होतं. ज्यांच्यापुढं इतरत्र मला सबबी सांगाव्या लागल्या, त्यांच्याच शेजारी तिथं मी सबबीशिवाय बसलोय. मग वारी संपून पंधरा-वीस दिवस होत नाहीत तोच गटारीचं पोस्टर येतं. ती माणसं तेवढ्यात कुठं जातात?

तुमच्याकडून मला काय हवंय ते सरळ सांगतो. राइड सुटल्यापासून शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत दारू नाही, एवढं प्रत्येक ग्रुपच्या माहितीत वर लिहा, जिथं हेल्मेटची सक्ती लिहिली आहे त्याच्याच खाली. बामणोलीत जेवण झालं म्हणजे राइड संपली, असं नाही. राइड घराच्या दारात संपते. वर्गणीतून दारू आणू नका, कारण त्या वर्गणीत न पिणाऱ्याचे आणि एकोणीस वर्षांच्या पोराचेही पैसे असतात. पोस्टरवर बाटली छापू नका. बॅकअप गाडीचा चालक प्यायलेला नसावा, हे तर मी लिहायलाच नको होतं, पण लिहावं लागतंय. आदल्या रात्रीची ज्याची उतरली नाही त्याला सकाळी नाक्यावरून घरी पाठवायची हिंमत राइड लीडरनं दाखवावी. मोठा माणूस असला, वर्गणी जास्त देणारा असला, तरी. आणि कुणी 'नको' म्हणालं की तिथं थांबा. कारण विचारू नका. त्या 'नको'मागं काय काय उभं असतं ते तुम्हाला दिसत नाही.

आणखी एक. कुणी सलग दोन-तीन रविवार दिसला नाही तर फोन करा. ग्रुपवर नको, त्याला स्वतःला करा.

ज्या मुलानं मला तो कॅन दिला होता तो आता स्वतः राइड लीडर आहे. हे पत्र त्याच्यापर्यंतही पोचेल. बाळा, तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता. त्या संध्याकाळी तू मिठी मारलीस ती मला अजून आठवते. त्याच जागी तू हातात केळं ठेवलं असतंस तरी मला तेवढाच आनंद झाला असता.

गटारीच्या राइडला मी येणार नाही. त्याच रविवारी पहाटे साडेपाचला मी पोवई नाक्यावर शिवतीर्थापाशी उभा असेन. यवतेश्वरापर्यंत जाऊन परत. वेग कमीच असेल, कारण या वेळी माझ्याबरोबर एक जण येतोय ज्याला दारू सोडून आज अठरा दिवस झाले आहेत आणि ज्यानं कॉलेजनंतर सायकल चालवलेली नाही. तो दुसऱ्या वळणावर उतरेल असं मला वाटतं. मीही त्याच्याबरोबर उतरून ढकलत जाईन. डब्यात कोकम सरबत आणि गूळपोळ्या असतील, चार-पाच जणांना पुरतील एवढ्या.

आपला,
तुमच्यातलाच एक सायकलस्वार
सातारा